घाटाखालचे गाव आणि वाटसरूंचे ऋण

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल जेमतेम पंधरा किलोमीटरचा प्रवास करते. पळसदरीला पुण्याकडे जाणारा मुख्य लोहमार्ग तिच्यापासून फुटतो आणि सह्याद्री चढू लागतो. खोपोलीचा फाटा मात्र डोंगराच्या पायथ्याशीच राहतो. केळवली, डोळवली, लौजी अशी लहान स्थानके मागे पडतात आणि खोपोलीला रूळ संपतात. समोर बोरघाटाची भिंत उभी असते. पावसाळ्यात तिच्या अंगावरून शुभ्र धारा उतरतात आणि हिवाळ्याच्या सकाळी वरच्या वळणांवरील मालमोटारींचे दिवे धुक्यातून मिणमिणताना दिसतात.

या गावाची ओळख निरनिराळ्या लोकांना निरनिराळी आहे. कोणी गगनगिरी महाराजांच्या आश्रमात येतो, कोणी जवळच्या महडला वरदविनायकाच्या दर्शनास जाताना येथे थांबतो, तर कोणाला घाट चढण्यापूर्वीचा गरम बटाटावडा तेवढा आठवतो. परंतु या सर्व ओळखींच्या तळाशी एक जुनी ओळख आहे. खोपोली हे वाटसरूंचे गाव आहे. घाट चढण्यापूर्वी दम घ्यायचा आणि उतरल्यावर सुटकेचा निःश्वास टाकायचा तो येथे. नाना फडणविसांनी येथे महादेवाचे देऊळ आणि मोठा दगडी तलाव बांधला, तो या वाटेवरच. देव, पाणी आणि सावली या तीन गोष्टी थकलेल्या माणसाला एकाच ठिकाणी मिळाव्यात, असा विचार करणारी ती पिढी होती. ओळखपाळख न विचारता वाटसरूला पाणी द्यावे, हा आपल्याकडील समाजधर्माचा अगदी पहिला पाठ. पाणपोईवर कोणी नाव-गाव विचारत नाही.

हा पाठ खोपोलीने आजही सोडलेला नाही. मात्र आजचा वाटसरू तहानलेला असतो तसा पुष्कळदा जखमीही असतो, आणि जखमी माणसापुढे पाण्याचा पेला धरणे पुरेसे नसते. कधी कधी तर ते घातकही ठरते. म्हणून पाणपोईचा धर्म आता वैद्यकशास्त्र, कायदा आणि व्यवसाय यांच्या गुंत्यात येऊन उभा राहिला आहे. तो गुंता समजून घ्यायला खोपोलीइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल.

घाटाचा इतिहास म्हणजे वेग वाढत जाण्याचा इतिहास. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्याकडे धावू लागली. मधला घाट तेव्हा प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून चढायचा. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि ही दोन टोके जोडली गेली. त्या कामात पंचवीस बोगदे खोदावे लागले. काही हंगामांत चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांच्यातील किती तरी दगावले. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी दंगाही झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढे त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, ते कंत्राट तडीस नेले. त्यांचे नाव इतिहासाने राखले. दगड फोडणाऱ्यांची नावे राखली नाहीत.

जुन्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कशी काढावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेवरून ती दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घालण्यात आली, अशी लोककथा आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. जाता-येता वाहनचालक या देवळासमोर नाणे टाकतात, ते मात्र डोळ्यांना दिसणारे सत्य आहे. ज्याच्या वाटेवरून आपण जातो त्याचे काही देणे आपल्याकडे लागते, ही जाणीव त्या नाण्यात आहे. समाजशास्त्राच्या जाड ग्रंथात जिला सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात ती हीच.

खोपोलीला वरून मिळालेही पुष्कळ. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र येथे सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथील तलावांचे पाणी मोठाल्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, त्यावर यंत्रे फिरतात आणि ते पाणी पाताळगंगेत सोडले जाते. मुंबईच्या गिरण्यांना या विजेने बळ दिले आणि पाताळगंगेच्या काठी पुढे कारखाने उभे राहिले. पोलाद, कागद, औषधी रसायने यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. म्हणजे या गावाला प्रगती नको आहे असे मुळीच नाही. प्रश्न एवढाच, की प्रगतीचा लाभ दूरच्या शहरांनी घ्यावा आणि तिचे अपघात मात्र पायथ्याच्या गावाने निस्तरावेत, ही वाटणी न्याय्य आहे काय?

हा प्रश्न तीव्र झाला तो द्रुतगती मार्गामुळे. सुमारे ९५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. वेळ वाचला, इंधन वाचले, पुण्यातील मुलीला मुंबईच्या आजारी वडिलांना पाहून त्याच दिवशी परतणे शक्य झाले. परंतु खंडाळ्याकडून उतरताना अवजड गाड्यांचे ब्रेक तापतात, चालकाचे डोळे मिटू लागतात आणि क्षणार्धात होत्याचे नव्हते होते. २०१६ साली या मार्गावर दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र उद्योगसमूह यांनी एकत्र येऊन धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे सुधारले, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवले, आणि पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. अपघात म्हणजे केवळ दैव नव्हे, हा त्याचा अर्थ. जे टाळता येते ते न टाळणे हा दोष असतो.

तरीही अपघात होतात, आणि तेव्हा पहिली धाव घेतात ती जवळपासची माणसे. खोपोलीत अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी स्वयंसेवकांचा एक गट वर्षानुवर्षे काम करीत आहे. दूरध्वनीवर निरोप फिरतो आणि दुकानदार, कामगार, वाहनचालक हातातले काम टाकून घाटाकडे निघतात. यशवंती हायकर्ससारखी खोपोलीची गिर्यारोहण संस्था आणि लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र यांच्याकडे दोर आणि दरीत उतरण्याचे कौशल्य आहे. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे, पुण्यातील कार्यक्रम आटोपून मुंबईकडे परतणाऱ्या झांजपथकाची बस जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ दरीत कोसळली. तेरा जणांनी प्राण गमावले. त्यांत बहुतेक जण तरुण होते. अंधारात दोर लावून जखमींना वर काढण्यासाठी पोलिसांबरोबर धावले ते हेच लोक. ज्याने वाट दाखवली त्याच्या देवळाजवळ, ज्यांची वाट चुकली त्यांना माणसांनी हात दिला.

अशा वेळी मदत करणाऱ्याच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, ते वैद्यकीय नीतिशास्त्राचेच असतात. मानेला मार बसलेल्या माणसाला हलवावे की रुग्णवाहिकेची वाट पाहावी? हलवले तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. गाडी पेट घेत असेल तर न हलवणे म्हणजे मृत्यू. ओरडणाऱ्याकडे आधी जावे की निपचित पडलेल्याकडे? ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. म्हणून अनुभवी माणूस आधी शांत पडलेल्याजवळ बसतो. आणि जखमींमध्ये एक वीस वर्षांचा आणि एक पंचाहत्तर वर्षांचा असेल तर? येथे वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: आधी कोणाला हात घालायचा हे वयावरून ठरत नाही. कोणाचा जीव आत्ता धोक्यात आहे आणि कोण उपचाराने वाचू शकतो, यावरून ते ठरते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ‘माझे काय, आता वय झाले’ हे वाक्य कधी तरी उच्चारले असेल. घरात ते विनयाने म्हटले जाते. रस्त्यावर किंवा रुग्णालयात दुसऱ्या कोणी ते ज्येष्ठांविषयी म्हणू लागले, तर तो अन्याय होय.

आणखी एक प्रश्न प्रवासी कुटुंबांचा आहे. गाडीत मागच्या आसनावर हृदयविकाराची आई झोपली आहे, तिच्या औषधाची वेळ होत आली आहे, आणि समोर अपघात झालेला दिसतो. थांबावे काय? आईची जबाबदारी सोडून परक्याकडे धावणे योग्य नाही आणि डोळे मिटून पुढे जाणेही योग्य नाही. द्रुतगती मार्गावर अवचित थांबणे तर नव्या अपघाताला आमंत्रण. परंतु कर्तव्याला पायऱ्या असतात. उतरून जखमीला उचलणे ही वरची पायरी. ती प्रत्येकाला शक्य नसते. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवणे, कडेच्या खुणेवरचा किलोमीटरचा आकडा आणि गाडी मुंबईकडे तोंड करून आहे की पुण्याकडे हे नेमके सांगणे, ही खालची पायरी. ती गाडीतल्या प्रत्येकाला, मागे बसलेल्या आजोबांनाही, शक्य असते. ‘कोणी तरी कळवले असेलच’ या समजुतीने जितके नुकसान होते तितके निर्दयपणानेही होत नसेल.

पूर्वी लोक थांबत नसत ते केवळ स्वार्थाने नव्हे, भीतीनेही. पोलीस चौकशी करतील, न्यायालयाच्या खेपा पडतील, रुग्णालय आपल्याकडूनच पैसे मागेल, ही भीती अगदी निराधार नव्हती. कायद्याने ती हळूहळू दूर केली. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीला आधी उपचार द्यावेत. पोलिसी सोपस्कार नंतर. २०१६ मध्ये न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक रूप दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि त्याखालील नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. सद्भावनेने मदत करणाऱ्याच्या हातून काही चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची त्याला सक्ती करता येत नाही. त्याचे हे हक्क रुग्णालयाने दर्शनी भागात लावावेत असेही नियम सांगतो. हा फलक आपल्या परिसरातील रुग्णालयात लावलेला आहे की नाही, हे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी एकदा जरूर पाहावे. नसेल तर विनयाने विचारावे. विचारणे हीही समाजसेवाच आहे.

आता रुग्णालयाच्या दारातला प्रश्न. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात आणि कायद्यानेही ती संज्ञा स्वीकारली आहे. या तासात रक्तस्राव थांबला, श्वासमार्ग मोकळा राहिला, तर अनेक जीव वाचतात. नेमक्या याच तासात अनामत रकमेची मागणी झाली तर? २०२५ च्या एप्रिलमध्ये, घाटाच्या वरच्या अंगाला पुण्यात, एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या अनामत मागणीवरून महाराष्ट्रभर क्षोभ उसळला. त्या प्रकरणातील दोषाची वाटणी करणे हे चौकशीचे काम. परंतु त्यातून एक तत्त्व पुन्हा ठळक झाले. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देण्याचे बंधन आहे. आधी प्राण, मग पैसे, हा क्रम उलटा करता येत नाही.

मात्र येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घाटाखालच्या लहान रुग्णालयात रात्री दोन वाजता पाच जखमी येतात, त्यांचे नातेवाईक दूरच्या गावी असतात, मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नसतो, आणि रक्त, औषधे, मलमपट्टी यांचा खर्च कोणी द्यायचा हे ठरलेले नसते. त्या डॉक्टरकडून केवळ त्यागाची अपेक्षा धरणे सोपे आहे; पण समाजाने आपला वाटा उचलल्याशिवाय ती अपेक्षा करणे अप्रामाणिक आहे. या दृष्टीने केंद्र शासनाने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेली योजना महत्त्वाची आहे. तिच्यानुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. एका डॉक्टरच्या खांद्यावरचे ओझे सर्वांनी वाटून घेण्याची ही रीत आहे.

व्यवसायाचा वाटाही मोजला पाहिजे. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि तेथून जाणारे निरपराध लोकही होरपळले. चार जणांचा मृत्यू झाला. अशा टँकरवर आतील रसायनाची माहिती आणि धोक्याचे चिन्ह असलेली पट्टी असणे, चालकाजवळ आणीबाणीत काय करावे याचे कार्ड असणे कायद्याने आवश्यक आहे. ती पट्टी धुळीने माखलेली असेल, तर आग विझवायला आलेल्या माणसाला पाणी मारावे की फेस मारावा हे कळत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. त्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. माल लवकर पोहोचावा म्हणून चालकाला रात्रभर जागवणारा मालक आणि ‘सकाळपर्यंत हवेच’ असा आग्रह धरणारा ग्राहक, हे दोघेही त्या घाटातल्या वळणावर अदृश्यपणे उपस्थित असतात.

खोपोलीपासून जवळच, चौकच्या बाजूला, इरशाळगडाचे टोक दिसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री गडाखालच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता. मदत करणाऱ्यांना पावसात चिखलातून चढावे लागले आणि त्या चढणीवर नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचाही मृत्यू झाला. चार दिवसांत सत्तावीस मृतदेह हाती आले. सत्तावन्न जण बेपत्ता राहिले. मग शोध थांबवण्याचा अत्यंत कठीण निर्णय नातेवाइकांशी बोलून घेतला गेला, कारण जिवंत सापडण्याची आशा उरली नव्हती आणि शोधणाऱ्यांचे प्राण धोक्यात होते. प्रियजनाचे अंत्यदर्शनही न मिळणे हे दुःख मोठे. पण मृतांसाठी जिवंतांना पणाला लावू नये, हाही धर्मच. दीर्घ आजाराच्या शेवटी, उपचार कोठवर वाढवावेत या प्रश्नापाशी आलेल्या कुटुंबांना हा पेच परका वाटणार नाही. असा निर्णय एकट्याने आणि घाईने होऊ नये. ज्यांचे माणूस गेले त्यांच्या संमतीने व्हावा, हे इरशाळवाडीने शिकवले.

या साऱ्यातून आपल्या घरासाठी काय घ्यावे? अष्टविनायकाच्या यात्रेला वा नातवंडांकडे निघताना ज्येष्ठांनी खिशात एक लहानसे कार्ड ठेवावे. त्यावर नाव, जवळच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी, मधुमेह वा हृदयविकार, न सोसणारी औषधे, आणि विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव लिहावे. अशी गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला किरकोळ वाटणारा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ‘मला काही झाले नाही’ असे म्हणून घरी न जाता तपासणी करून घ्यावी. मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. जखमीला पाणी वा चहा पाजू नये. शस्त्रक्रिया लागली तर पोटात काही असणे धोक्याचे ठरते. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. भ्रमणध्वनीवर चित्रण करणाऱ्या घरातील तरुणांना सांगावे, की वेदनेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याच्याशिवाय कोणाचा अधिकार नसतो. आणि काळजी घेणाऱ्यांनी रात्रीच्या प्रवासाचा हट्ट सोडावा. पहाटेचा घाट विश्रांती घेतलेल्या चालकासाठी असतो.

खोपोलीच्या माणसांचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात, मदतकर्त्यांसाठी शासनाचे बक्षीसही आहे. हे सारे योग्यच. परंतु कौतुक हा जबाबदारीचा पर्याय होऊ नये. टोल घेणारा, माल पाठवणारा, गाडी चालवणारा, रुग्णालय चालवणारा आणि आरामात मागे बसून प्रवास करणारा, अशा प्रत्येकाने आपापला वाटा उचलला, तर मध्यरात्री दोर खांद्यावर घेऊन दरीत उतरणाऱ्यांना कमी वेळा उतरावे लागेल. त्यांच्यासाठी याहून मोठा सत्कार दुसरा नाही.